सोमवारी जाब

दर सोमवारी दुपारी कोच ऑर्विल टँगन चर्चच्या तळघरात बसून गावाला शनिवारच्या सामन्याचा जाब देत. आयोवातल्या त्या कॉलेजात विद्यार्थी सहाशे, आणि गावात अमेरिकन फुटबॉलचे जाणकार चार हजार, म्हणजे झाडून सगळे. जेवता जेवता सामन्याची फीत बघायची आणि कोचना सोलून काढायचं, असा रिवाज होता. सामना जिंकलेला असला तरी.

गणिताची नवी प्राध्यापिका नेल ड्युरँट त्या तळघरात शिरली ती चुकून. तिला शिक्षकांच्या बैठकीला जायचं होतं. पण कुणीतरी हातात वाफाळतं ताट दिलं आणि बैठक डोक्यातून गेली.

पडद्यावर संघाचा चौथा, शेवटचा प्रयत्न चालला होता. चेंडू हातात घेऊन फक्त दोन यार्ड पुढे घुसलं, की चेंडू आपल्याकडेच राहणार होता. कोचनी तेवढेही न मागता चेंडू लाथेनं लांब धाडून समोरच्यांना देऊन टाकला.

"का दिलात?" नेलनं विचारलं.

काटेचमचे थांबले.

"सगळेच देतात, बाई," कोच म्हणाले. "पुढे घुसलो आणि अडवलं तर?"

"दहातून सहा वेळा नाही अडवणार."

"आणि उरलेल्या चार वेळा?"

"तेव्हा इथे येऊन माझं नाव सांगायचं."

कोच हसले नाहीत. फक्त... त्यांचे कान लाल झाले. हे आधी स्टॅन न्हाव्याच्या लक्षात आलं. कान हा त्याच्या धंद्याचाच भाग.

पुढच्या शनिवारी कोच घुसले. मग घुसतच राहिले. अकरा हंगामांत एकशे एक विजय. सोमवारी नेलची खुर्ची कोचशेजारी ठरलेली. जेवण झालं की ते तिला कॉलेजच्या पायऱ्यांपर्यंत सोडत, हवेबद्दल दोन वाक्यं बोलत, टोपी उचलत — आणि जात. गाव चडफडत बघत राही.

मग एका बड्या विद्यापीठाचा फोन आला: आमच्याकडे कोच म्हणून या. ऐंशी हजार प्रेक्षकांचं मैदान. रविवारी दुपारी कोच नेलच्या दारात उभे राहिले.

"आकडे काय म्हणतात?"

नेल ताठ उभी राहिली. "जा. आम्हाला अकरा वर्षं काय मिळत होतं, ते ऐंशी हजारांना कळू दे."

"बस... एवढंच?"

"एवढंच."

सोमवारी तळघरात पाय ठेवायला जागा नव्हती.

"कोच, जाताय का राहताय?" स्टॅननं विचारलं. "नुसती मान हलवू नका."

"सकाळी त्यांना नाही म्हणून कळवलं."

नेलनं चमकून पाहिलं. "वेड लागलंय का तुम्हाला?"

"त्यांनीही हेच विचारलं. म्हटलं, इथे एक गोष्ट बोलायची राहिली आहे, ती उरकल्याशिवाय मला हलता येत नाही." कोच तिच्याकडे वळले. कान पेटलेले. "नेल... माझ्याशी लग्न कराल?"

"एवढ्या लोकांत विचारताय?"

"या खोलीत मी कधी खोटं बोललेलो नाही. म्हटलं, तुमचा विश्वास बसेल."

"काल दारात का नाही बोललात?"

"तुम्ही इतक्या अभिमानानं जा म्हणालात, की मला बोलताच येईना."

"हो," नेल म्हणाली. "करीन."

सोमवारच्या जेवणात कोचसाठी टाळी वाजवायची नाही, हा त्या गावाचा नियम होता. पाच अजिंक्यपदांनाही तो मोडला नव्हता. आता खुर्च्या करकरल्या आणि सगळं तळघर उभं राहून टाळ्या पिटू लागलं. स्टॅन तर खुर्चीवरच चढला.

कोच संकोचून ताटाकडे बघत होते. नेलनं त्यांचा हात धरून त्यांना उभं केलं आणि सगळ्या गावाला दिसेल अशा ऐटीत ती त्यांच्याशेजारी उभी राहिली.