तळहाताखाली

सूर्य टेकड्यांना टेकला तेव्हा नोलारामी म्हातारी एका हातात किटली आणि दुसऱ्या हातात दूध भरलेला पोकळ भोपळा घेऊन नदीच्या वळणाकडे उतरली. गावातल्या बायकांनी पर्यटकांसाठी उभारलेल्या छावणीवर पहिला पाहुणा आला होता, आणि पाहुण्याला चहा हवा होता.

छावणी म्हणजे उंबराखाली दोन तंबू, एक चूल आणि भोवती काटेरी फांद्यांचं कुंपण. पाहुणा नैरोबीचा. नाव न्दिरितू, विमा कचेरीत साहेब. सिंहानं माणूस खाल्ला तर वारसाला काय मिळतं हे त्याला तोंडपाठ होतं. सिंहानं खाऊ नये म्हणून काय करायचं, ते मात्र त्याला म्हातारीला विचारावं लागलं.

"तंबूची चेन उघडायची नाही," ती म्हणाली. "आणि घोरत असाल तर मोठ्यानं घोरा. जनावरांना वाटतं, आत कोणीतरी दांडगं आहे."

साहेबांनी ते गंभीरपणे ऐकून घेतलं.

अंधार पडायच्या आधी तिचा धाकटा दीर तिपान्को काठी टेकत आला. गावातला वजनदार माणूस. वजन जिभेत जास्त.

"वहिनी, हॉटेल झकास चाललंय की! पाहुणा कितीदा रडला?"

"तुम्ही आलात तेव्हा जरा घाबरला, भावजी."

"हसा. पण गावच्या बैठकीत ठरलंय ते विसरू नका. पाहुणा रातोरात पळाला तर हे वळण शहरातल्या कंपनीला जाणार. ते इथं पक्की घरं बांधणार."

"आणि सकाळपर्यंत टिकला तर बायकांचं राहणार. तेही त्याच बैठकीत ठरलंय. तेव्हा तुम्हाला डुलकी लागली होती."

तिपान्कोनं आवाज खाली आणला. "जागा वाईट आहे. तुम्हालाही माहीत आहे. त्या पोराची."

माहीत होतंच. जुन्या काळी माणूस मेला की पुरत नसत. अंगाला चरबी चोपडून रानात ठेवत, आणि रातोरात तरसं काम उरकत. एका दुष्काळात वासरं राखणारं एक पोरकं पोर तापानं गेलं. त्याला या वळणावर ठेवलं. तरसं त्याला शिवली नाहीत. एक रात्र गेली, दुसरी गेली. तरसांनी नाकारलेलं प्रेत म्हणजे महाअपशकुन. लोकांनी रातोरात गुरं हाकली आणि पुन्हा कोणी इथं मुक्काम केला नाही.

"तरसांनी टाकलं म्हणून माणसांनीही टाकलं," म्हातारी म्हणाली. "अक्कल कोणाकडून घ्यायची, तर तरसांकडून!"

"अंधारात ते मान वाकवून पुढं येतं म्हणतात..."

"येऊ दे. मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्हीही माझ्या हाताखाली मान घालत होतात. नाक गळत असायचं. तेव्हाही मी पळाले नाही."

पोरानं मान वाकवून समोर यायचं, मोठ्यानं त्याच्या डोक्यावर तळहात टेकवायचा. हीच इथली विचारपूस. सत्तर वर्षांत नोलारामीच्या हाताखालून अख्खं गाव गेलं होतं. पोराचं डोकं पुढं आलं की तिचा हात आपोआप खाली जाई. तिपान्को काठी टेकत निघून गेला.

रात्र चढली. साहेब तंबूत शिरले आणि सल्ला मनावर घेतल्यासारखे घोरू लागले. शेकोटीपाशी म्हातारी आणि तिची सून नासिएकू, दोघीच उरल्या. नदीत पाणघोडे घुरघुरत होते. पलीकडच्या काठावर सिंहानं दोनदा आवाज दिला. जवळच कुठंतरी तरसं खिदळत होती.

मग तरसं थांबली. पाणघोडे थांबले. बेडूकसुद्धा. घोरणं तेवढं चालू होतं.

वास आला. भिजलेल्या कातड्याचा आणि जुन्या चरबीचा.

"कोको..." नासिएकू कुजबुजली. गावातल्या साऱ्यांसाठी म्हातारी कोको, म्हणजे आजी, होती. "दाराची फांदी... मी लावली होती. आता बाजूला झालीय."

"वाऱ्यानं झाली असेल."

"वारा कुठंय?"

"मग मी लावते. तू चहा उतू जाऊ देऊ नकोस."

म्हातारी कुंपणाच्या दारापाशी गेली. शेकोटीचा उजेड तिथवर पोचत नव्हता. फांदी ओढायला तिनं हात पुढं केला, आणि अंधारातून एक डोकं वाकून त्या हाताखाली आलं. तिच्या कमरेच्या उंचीवर. पोराचं.

सत्तर वर्षांची सवय. तळहात टेकला.

केस ओले होते. दाट आणि थंड. मग तिच्या लक्षात आलं की गाव टेकडीपलीकडे आहे, आणि या वेळी कोणाचं पोर रानातून चालत येणार?

"कोको," हाताखालून आवाज आला. कोरडा, बारीक. "आत येऊ?"

मागं नासिएकूच्या हातातून पेला पडला.

नोलारामीनं हात काढला नाही. ज्याच्या डोक्यावर हात ठेवला ते पोर आपलं, असं तिची आई सांगायची. आपलं पोर म्हटलं की त्याला रागवायचा हक्कही आलाच.

"वासरं राखणारं पोर आत झोपतं का रे?"

डोकं तळहाताखाली जरासं हललं.

"विचारतेय मी."

"नाही... कोको."

"मग?"

तंबूतलं घोरणं ऐकू येत होतं. हाताखालचं डोकं हळूच त्या दिशेला वळलं. "तो... तो मला दे."

"तो माझा पाहुणा आहे."

"मला कोणी... काहीच दिलं नाही."

"दिलं नाही, खरं आहे. ज्यांनी टाकलं त्यांना लाज नव्हती. पण त्यांच्या पापाची भरपाई माझा पाहुणा करणार नाही. त्याला हात लावलास तर मी हा हात काढून घेईन, आणि पुन्हा या रानात तुझ्या डोक्यावर हात ठेवणारं कोणी भेटणार नाही. बोल, काय हवं?"

केसांतलं पाणी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत गेलं.

"हात..." आवाज आला.

"मग बाहेर राहा. राखण कर. एक जनावर कुंपणाला लागता कामा नये. काम सोडून झोपलास तर गाठ माझ्याशी आहे."

हाताखालचं डोकं निघून गेलं. म्हातारीनं फांदी ओढली, शेकोटीपाशी आली आणि म्हणाली, "चहा उतू जाऊ दिलासच ना?"

पहाटे तिपान्को चार माणसं घेऊन आला. रिकामा तंबू बघायला साक्षीदार हवेच होते. साहेब खुर्चीत बसून दुसरा पेला पीत होते.

"अप्रतिम झोप लागली!" ते म्हणाले. "फक्त तुमचा तो गुराखी रात्रभर शीळ घालत होता. केवढं कामसू पोर!"

तिपान्को कुंपणाबाहेर गेला आणि तसाच उभा राहिला. ओल्या मातीत सिंहांचे आणि तरसांचे ठसे होते. कुंपणाजवळ एकही नाही. दूरवर ते एकामागं एक, ओळीनं नदीकडे उतरले होते, संध्याकाळी वासरं पाण्यावर नेतात तसे. त्या ओळीच्या बाजूनं लहान अनवाणी पावलं चालली होती. नदीकडे जाणारी. परत येणारी नव्हती.

"वळण कोणाचं, भावजी?" म्हातारीनं मागून विचारलं.

"बायकांचं," तो म्हणाला. एवढं छोटं वाक्य तो आयुष्यात पहिल्यांदाच बोलला असावा.

त्या संध्याकाळी नासिएकूनं सासूची शाल धरली. "कोको, आज तरी फांदी मला लावू द्या. नाहीतर आपण घरी जाऊ या."

"घर कुठंय मग? हेच घर. आजच जिंकलंय."

म्हातारी दारापाशी गेली आणि या खेपेला हात मुद्दामच अंधारात धरला. डोकं आलं. तेच ओले केस. पण काल कमरेला लागलेलं डोकं आज तिच्या छातीशी होतं.

तिनं हात तेवढा वर धरला.

"वाढतोयस म्हणायचा," ती म्हणाली. "वाढ. पण ऐकून ठेव, कितीही उंच झालास तरी माझ्यापुढं मान वाकवायचीच. कळलं?"

"हो, कोको."

तिचा तळहात अजून छातीपाशीच, त्या वाकलेल्या डोक्यावर होता. आवाज तोच, कोरडा आणि बारीक, पण उत्तर आलं ते तिच्या डोक्याच्या पुष्कळ वरून.