तारेचा ताण

त्या दिवशी काम तसं साधंच होतं. नवरा चहा पिता पिता म्हणाला, "अगं, जरा गच्चीवर ये. तार धरायला माणूस हवाय." तिनं बाळाला सासूबाईंच्या मांडीवर दिलं आणि चारदा मागं वळून बघत ती जिना चढली.

नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. सुट्टीच्या दिवशी त्याला एकच नाद, रेडिओवरून लांबलांबच्या अनोळखी माणसांशी बोलायचं. रीतसर परीक्षा देऊन परवाना काढलेला. आता त्याला ऐंशी मीटरच्या रेडिओलहरींवर बोलायचं होतं. त्याला तार लागते चाळीस मीटर, आणि गच्ची जेमतेम दहा. म्हणून त्यानं आवारापलीकडच्या बंद घराच्या मालकाला फोन लावला. मालक परगावी. म्हणाला, "गच्ची वापरा की, जिना बाहेरूनच आहे. आत मात्र जाता यायचं नाही, किल्ली माझ्याकडं आहे."

"जगाशी बोलायला तार बांधतोयस," सासूबाई खालून म्हणाल्या, "घरात बायकोशी चार शब्द बोलत जा."

"तिच्याशी बोलायचा परवाना मिळत नाही, आई."

बांबू आपल्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला कसून बांधलेला. तार तिथून निघाली ती आवार ओलांडून पलीकडं. तारेच्या त्या टोकाला प्लास्टिकच्या पाइपाचा तुकडा आणि त्याला नायलॉनचा दोर. पण दोर त्यानं बांधून टाकला नाही. पलीकडच्या कठड्याला कप्पी लावली, दोर तिच्यावरून घराच्या मागच्या अंगाला सोडला आणि खाली वाळू भरलेला रंगाचा डबा लटकवला.

"गाठ का नाही मारत?" तिनं विचारलं.

"गाठ मारली तर वाऱ्यात बांबू हलला की तार तुटेल. लिफ्टलाही समोर वजन असतंच की. आपण ओढलं की तिकडचा सैल सोडतो, आपण सैल पडलो की तिकडचा ओढून घेतो. ताण तेवढाच राहतो."

पाखरांना दिसावी म्हणून त्यानं तारेच्या मधोमध लाल चिंधी बांधली. बाळाच्या खोलीच्या खिडकीतून ती चिंधी बरोबर समोर दिसायची.

बाळ तीन महिन्यांचं. सात आठवडे आधीच आलेलं, मुठीएवढं. श्वास घेता घेता मधेच विसरल्यासारखं थांबायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "वाढेल तसं सुटेल हे. थांबलं तर तळव्याला गुदगुली करा, आणि दहाच्या आत श्वास आला नाही तर तडक घेऊन या." तेव्हापासून ती मोजत होती. भाजी चिरताना, केस विंचरताना, मनातल्या मनात. बाकी जगात काय चाललंय ते तिला कुणी विचारू नये.

तार चढली आणि बाळाचं थांबणं थांबलं.

आधी तिला तो डॉक्टरीणबाईंच्या औषधाचा गुण वाटला. मग एका दुपारी बाळाच्या छातीवर हात ठेवून ती खिडकीबाहेर बघत बसली होती. वारा अजिबात नव्हता. दोरीवरचे कपडे जागचे हलत नव्हते. आणि ती लाल चिंधी वर जात होती, खाली येत होती. हाताखालची छाती वर... चिंधी वर. छाती खाली... चिंधी खाली.

तिनं हात काढून घेतला. पुन्हा ठेवला. तसंच.

दोन दिवसांनी बाळ पुन्हा थांबलं. तिनं तळवा चोळला. पाच... सहा... सात... बाहेर तार एकदम ताणली गेली, टणकन आवाज झाला, आणि बाळानं खोल श्वास घेतला. कुणी धरून वर ओढावा तसा.

तिनं हे कुणाला सांगितलं नाही. सांगणार काय? आणि खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं होतं. पहिल्यांदाच ती तासभर गाढ झोपली.

संध्याकाळी दूरचे आवाज यायला लागले की नवरा रेडिओपाशी बसायचा. एकदा रेडिओवर पलीकडून बोलणारा माणूस म्हणाला, "तुमचा आवाज स्वच्छ येतोय. मागं कुणी आकडे मोजतंय का?"

"आमच्या घरातली असेल," नवरा हसला.

ती तेव्हा आतल्या खोलीत होती. ती नेहमीच मनात मोजायची. ओठसुद्धा हलायचे नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात दुपारीच आभाळ भरून आलं. गडगडाट जवळ यायला लागला तसा नवरा चपला शोधू लागला.

"कुठं निघालात?"

"तार उतरवायला. वीज पडली तर सरळ घरात येईल."

"आज राहू दे."

"मग कधी? पडल्यावर?"

तेव्हा तिनं सांगितलं. चिंधीचं, तळव्याचं, सगळं. तो हसला नाही. तिच्या डोक्यावर हात ठेवून एवढंच म्हणाला, "इतके महिने तू धड झोपली नाहीस. जवळ बस त्याच्या. मी हा आलो." आणि गेला. तोही चुकीचा नव्हता.

ती बाळाजवळ बसली. पाऊस सुरू झाला. पावसाच्या पडद्यातून चिंधी दिसत होती, वर... खाली. मग तार हळूहळू सैल पडली. चिंधी खाली खाली जात कुंपणाआड गेली.

बाळ थांबलं.

चार... पाच... सहा... तिनं तळवा चोळून लाल केला. आठ... नऊ... मग श्वास आला, अगदी बारीक. पुन्हा गेला. पुन्हा आला.

नवरा आला तो निथळत. खांद्यावर तारेचं वेटोळं आणि हातात दोर.

"डबा जमिनीवर होता," तो हळू म्हणाला. "दोर सुटलेला. डब्याखालचं गवत पांढरं पडलंय... बरेच दिवस झाले असणार."

"मग तार ताठ कशानं होती?"

"दोर कप्पीवरून त्या घराच्या वरच्या खिडकीत गेलेला. खिडकीवर ठोकलेल्या फळीच्या फटीतून आत... मी ओढला तर येईना. जरा वेळानं कुणी ढील दिल्यासारखा आला. हळूहळू."

"आणि दाराला कुलूप?"

"आहे. गंजलेलं."

तिनं त्याच्या हातातून दोर घेतला. सगळा दोर चिंब भिजलेला, फक्त शेवटचा वीतभर कोरडा. आणि कोमट. बराच वेळ कुणी मुठीत धरून ठेवल्यासारखा.

तेवढ्यात बाळ पुन्हा थांबलं. एक... दोन... तीन... घाबरून तिनं ते टोक आवळलं आणि जरासं ओढलं.

छाती वर आली.

तिनं मूठ सैल केली. छाती खाली गेली, आणि तिथंच राहिली. तिनं पुन्हा ओढलं.

नवरा बघत होता. तो खाली तिच्याजवळ टेकला. ती ओढत राहिली, सैल सोडत राहिली. पाऊस थांबला, खोलीत अंधारून आलं, कुणी दिवा लावला नाही.

"अगं, जेवायला येताय ना?" सासूबाईंनी स्वयंपाकघरातून हाक मारली.

"तुम्ही बसा, आई," ती शांतपणे म्हणाली. "माझा हात गुंतलाय."