वरच्या मजल्यावरचे डबे

बेल वाजली तेव्हा मी त्याच्या शर्टानं ओटा पुसत होते. शर्ट त्याचा आहे हे मला ठाऊक नव्हतं. आणि खरं तर तो आता शर्टही उरला नव्हता.

दारात वरच्या मजल्यावर नुकताच राहायला आलेला माणूस उभा होता. उंच, केस ओले, आणि चेहऱ्यावर शेजाऱ्याकडे पहिल्यांदाच काही मागायला आल्याचा संकोच.

"माझा एक शर्ट दोरीवरून उडाला... तुमच्या गॅलरीत पडलाय का? निळा, बारीक चौकडीचा."

मी हातातल्या फडक्याकडे बघितलं. त्यानंही बघितलं.

"हा एवढाच आहे," मी म्हटलं, "की बाकीचे तुकडेही आणू?"

तो जिना घुमेल इतक्या मोठ्यानं हसला. मी शरमेनं अर्धी झाले.

आमच्या घराची रीतच तशी. मी कपडे अल्टर करून देणाऱ्या दुकानात काम करते, आणि कापड मरत नाही यावर आईचा ठाम विश्वास. ओटा पुसायला कागदाचा रोल आमच्याकडे कधी आलाच नाही. शर्ट विरला की त्याची ओट्याची फडकी होतात, ती कळकटली की फरशीची. साबणाच्या चिपा जुन्या मोज्यात घालून त्यावर भांडी निघतात, सिंक सोड्यानं आणि लिंबाच्या सालींनी. गॅलरीत विरलेल्या कॉलरचा शर्ट दिसल्यावर आईला वाटलं, तो मीच दुकानातून आणला. तिनं कात्री चालवली, पडत्या फळाची आज्ञा!

"विरला होता, मान्य आहे," तो म्हणाला. "पण आवडता होता हो."

भरपाई म्हणून आईनं त्याला आत बोलावून चहा दिला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. आमच्या इमारतीला लिफ्टच नाही, म्हणून इथे तरी शांत झोप लागते, असं त्याचं म्हणणं. आई त्याला लगेच 'लिफ्टवाले' म्हणायला लागली.

मग लिफ्टवाले वरचेवर यायला लागले. कधी मोरी तुंबली, काय घालू? कधी शर्टाचं बटण तुटलं, लावून द्याल? बटण तुटलेलं नसायचं, तोडलेलं असायचं. दोरा ओढून तोडला की कापडावर खूण राहते, ती मला न कळायला मी काय आंधळी आहे?

"तुमच्याकडे बाजारातलं काही आहे की नाही?" एकदा त्यानं विचारलं.

"आहे की. शेजारी."

"मी बाजारातला?"

"किंमत काढलेली नाही अजून," मी म्हटलं आणि सुईत दोरा ओवायला लागले... दोरा काही केल्या जाईना.

इथे एक सांगायला हवं. माझं लग्न ठरून मोडलेलं आहे. त्या माणसाला माझ्यात खोट दिसली नव्हती. फक्त माझ्याहून बरी कोणीतरी दिसली होती. 'तुझ्यात काही कमी नाही गं,' असं सांगून तो गेला. हा वरचा मला आवडायला लागला होता. जिन्यात त्याची पावलं वाजली की मी आरशात बघायचे. आणि म्हणूनच भीती वाटायची, की हाही नव्याला भुलणाराच निघाला तर?

एका रविवारी तो म्हणाला, "वर या ना... माझं स्वयंपाकघर बघायला. बदललंय सगळं."

गेले. फळीवर काचेच्या कोऱ्या बरण्यांची रांग, बांबूचे ब्रश, कापडी पिशव्यांचा गठ्ठा; काहींवरची लेबलंसुद्धा निघाली नव्हती. "एकही प्लॅस्टिक नाही!" तो लहान मुलासारखा खुशीत होता.

दाराशी एक फुगलेली कचऱ्याची पिशवी होती. मी तिच्यात डोकावले. डबे, बादली, भांड्यांच्या साबणाची अर्धी भरलेली बाटली.

"हे डबे फुटलेत?"

"नाही."

"झाकणं बसत नाहीत?"

"बसतात... पण प्लॅस्टिक आहे ना. तुमच्याकडे नसतं, म्हणून—"

"आमच्याकडे वरच्या फळीवर आईच्या लग्नाआधीचे प्लॅस्टिकचे डबे आहेत! कामावर एक बटण बिघडलं की अख्खी लिफ्ट बदलता का तुम्ही?"

"अहो, जुन्यालाच किती धरून बसायचं?" तो हसण्यावारी नेत म्हणाला. "त्याहून चांगलं मिळालं, तर घ्यावं माणसानं."

मी दाराकडे वळले.

"घ्या की," मी म्हटलं. "नव्याचे नऊ दिवस घ्या." आणि खाली येऊन मोरीत तोंड धुता धुता रडले. डब्यांसाठी कोण रडतं?

पुढे तो फिरकला नाही आणि मीही बोलावलं नाही. आईनं दोन दिवस मूग गिळून बघितलं. मग विचारलं, "मशीनवर टाका चुकला तर कापड फेकतेस?"

"उसवते."

"मग?"

मग काय... संध्याकाळी दुकानातून येताना तो जिन्यातच भेटला. आमच्या दारासमोरच्या पायरीवर हत्यारांची पेटी ठेवून बसला होता.

"डबे परत फळीवर लावले," तो म्हणाला. "बरण्या दुकानदार परत घेईना. आता त्याही वापराव्या लागणार, मरेपर्यंत."

मला हसू येत होतं. मी येऊ दिलं नाही.

"तुम्ही घर बघून नाक मुरडाल असं वाटलं," तो म्हणाला, "म्हणून सगळा खटाटोप. त्या दिवशी तुम्हाला काही विचारायचं होतं... घर तरी तुमच्या जोगं दिसावं."

"मी डब्यांवरून नव्हते भांडले." आणि मी त्याला मोडलेल्या लग्नाचं सांगितलं, उभ्यानंच. "त्याहून चांगलं मिळालं तर घ्यावं, असं म्हणालात ना? ते मी एकदा भोगलंय."

त्याचा चेहरा उतरला.

"मला तुम्ही आवडता," तो म्हणाला.

"आणि उद्या माझ्याहून चांगली दिसली तर?"

दुसरा कोणी असता तर 'दिसणारच नाही' म्हणाला असता. हा विचार करत बसला.

"दिसेलही... मी काही डोळे मिटून फिरत नाही. पण आमच्या कामात कसं असतं, लिफ्ट नीट चालत असली तरी दर महिन्याला जायचं. दोर बघायचा, ब्रेक बघायचा, तेल घालायचं. कुणाची तक्रार नसते, तरी जायचं. मला एवढंच येतं बघा. एवढं तुमच्यासाठी जन्मभर करीन."

माझे डोळे भरून आले. प्रेमाचं असं बोलणं मी ऐकलं नव्हतं, आणि याहून खरंही ऐकलं नव्हतं.

"एक अडचण आहे," मी कसंबसं म्हटलं. "दोन घरांचं एक झालं की फ्रिज दोन होतील."

"तुमचा कसा आहे?"

"म्हातारा. रात्रंदिवस खडखडतो."

"मग तोच ठेवू. माझा बहिणीला देऊ, तिच्याकडे नाहीये." तो उठला. "खडखड कुठून येते ते आधी बघायला हवं."

"आत ये," मी दार ढकलत म्हटलं. "पण फ्रिज नंतर. आधी आईशी बोल."