शनिवारचा प्रश्न

“बाबा, ताई... मी मठात जाणार, सिस्टर होणार!”

धाकटीने हे सांगितलं आणि थोरलीच्या हातातला पातळ पांढरा पापुद्रा मधोमध तडकला. चर्चच्या मागची ती छोटी खोली. तिथे रोज सकाळी तापलेल्या लोखंडी साच्यात पीठ-पाण्याचं मिश्रण दाबून मिस्साच्या ऑस्त्या, म्हणजे चर्चच्या उपासनेत वेदीवर अर्पण होणाऱ्या त्या गोल, नाजूक भाकरी तयार व्हायच्या. आईने सुरू केलेलं हे काम ती गेल्यापासून थोरली एकहाती सांभाळत होती. मग बाबा उठले. चर्चमधला ऑर्गन वाजवून वाजवून वाकडी झालेली आपली बोटं त्यांनी लेकीच्या डोक्यावर ठेवली आणि ते हमसून हमसून रडू लागले.

“एका लेकीनं बहिणीसाठी आयुष्य वेचलं, दुसरी देवाला वाहून घेतेय! माझ्याएवढा भाग्यवान बाप दुसरा कोण असेल?”

धाकटी हसत होती. पण तिचे डोळे ताईची नजर चुकवत होते, आणि जिला अंगाखांद्यावर वाढवलं तिचे चुकणारे डोळे थोरलीला कळणार नाहीत तर कुणाला! 

या थोरलीचं कौतुक करावं तेवढं थोडं. दर शनिवारी शाळेच्या शेवटच्या वर्षाची चर्चमधली सगळी पोरं तिच्या खोलीत जमायची. आदल्या दिवशीचे पापुद्रे रात्रभर दमट पेटीत ठेवून मऊ केलेले असायचे, नाहीतर ते कापताना फुटतात. पोरांच्या हातात ती कापायची नळी द्यायची आणि पापुद्र्यातून गोल ऑस्त्या पाडायला बसवायची. हात कामात गुंतले की तोंडं आपोआप मोकळी होतात, हे तिने केव्हाच ओळखलं होतं. मग ती विचारायची, “कुठलं काम करताना तुला भूक लागल्याचं कळत नाही?” एका टग्याने “झोपताना” असं उत्तर दिलं होतं. तिने त्याची थट्टा केली नाही. रात्रभर जाग्या असणाऱ्या हॉस्पिटलात त्याला चार दिवस पाठवलं, आणि आज तो तिथलाच रात्रपाळीचा नर्स आहे, दिवसभर मनसोक्त घोरतो! असं प्रत्येकाला ती चर्चमधल्याच कुणाच्या तरी हाताखाली धाडायची... कुणाला औषधवाल्याकडे, कुणाला वेल्डरकडे. देवाचं पाचारण आलेली मुलंही तिने पाहिली होती. दोघी मठात गेल्या होत्या, एक जण फादर व्हायला गेला होता, आणि जाताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो बघून तिचा ऊर भरून आला होता.

धाकटीच्या चेहऱ्यावर तो आनंद नव्हता. तो तिने एकदाच पाहिला होता, यंदा शेवटच्या वर्षाला असलेली धाकटी, तिनेच धाडल्यामुळे, कृत्रिम पाय बनवणाऱ्या कारागिराकडे जाऊन घरी आली त्या संध्याकाळी. जेवण समोर निवत होतं आणि बाईसाहेबांचं बोलणं काही संपत नव्हतं!

“ताई, ते आजोबा पहिलं पाऊल टाकून हसले ना, आणि लगेच माझ्यावर ओरडले, आतून टोचतंय म्हणून! मग मी तो पाय आतून घासून गुळगुळीत केला. मी! आणि ते दारापर्यंत चालत गेले गं!”

हे शिकायचं तर दूरच्या शहरात काही वर्षं राहावं लागणार होतं. ते ऐकून बाबा म्हणाले होते, “तुझ्या ताईलाही असंच घरांचे नकाशे काढायला शिकायचं होतं. पण तुझी आई गेली, तू पाळण्यात... तिनं तुझ्यासाठी सगळं सोडलं बघ!” ही गोष्ट ते पाहुण्यांना सांगत, शेजाऱ्यांना सांगत, प्रत्येक वाढदिवसाला सांगत. त्या संध्याकाळी ती ऐकल्यावर धाकटीने ताट बाजूला सारलं. पुन्हा त्या कारागिराचं नावही तिच्या ओठांवर आलं नव्हतं.

मठात जायचं धाकटीने जाहीर केलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी थोरलीने तिला गाठलंच. “चिमणे, खरं सांग मला. तुला पाचारण आलंय?”

“आलंय तर! आणि मी आले की ऑस्त्यांचं सगळं काम मठात घ्यायचं सिस्टरांनी कबूल केलंय. आता तरी या साच्यातून तुझे हात सुटतील, ताई...” एवढं बोलून तिने जीभ चावली आणि ती पळाली.

 म्हणजे हे कारण होतं तर! ज्या पोरीला मोकळं आकाश मिळावं म्हणून जिवाचं रान केलं, ती परतफेड म्हणून स्वतःलाच देऊन टाकायला निघाली होती, आणि तीही देवाचं नाव पुढे करून... कारण देवाच्या नावापुढे या घरात कुणीही ब्र काढणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं!

थोरली बाबांकडे गेली. बाबांनी पुरतं ऐकूनही घेतलं नाही. “देवाच्या वाटेत आडवी येतेस? का गं, आजवर सगळे तुझं कौतुक करायचे, आता तिचं होईल म्हणून बघवत नाही?”

तो घाव तिच्या अगदी वर्मी बसला. 

शाळा संपवणाऱ्या मुलांना निरोपाचा आशीर्वाद द्यायचा दिवस उजाडला. चर्चचा हॉल माणसांनी गच्च भरला होता. एकेक मूल उठून आपण पुढे काय करणार ते सांगत होतं, फादर त्याच्या कपाळावर क्रूसाची खूण करत होते. धाकटीची पाळी आली तेव्हा तिच्याआधी बाबाच उठले, आणि त्यांनी आपली नेहमीची गोष्ट सुरू केली. “माझ्या थोरलीनं हिच्यासाठी...”

“बाबा, पुरे आता!”

सगळ्या माना वळल्या. थोरली उभी राहिली होती. 

“ती गोष्ट खरी नाही. मला शिकायला जायची सोय होती. बाबांनी स्वतः मला ‘जा’ म्हटलं होतं, बाळाला मावशी सांभाळेल म्हणाले होते. मीच गेले नाही. ती चिमणी माझं बोट सोडत नव्हती, आणि मलाही ते सोडवत नव्हतं. तो त्याग नव्हता, माझा हट्ट होता! माझं कुणावर काही ऋण नाही. चिमणे, ऐकतेस ना? तू मला काहीएक देणं लागत नाहीस!”

 मग धाकटीच्या तोंडून एक हुंदका फुटला आणि ती धावत येऊन ताईच्या गळ्यात पडली.

“मला पाय बनवायचेत गं, ताई... लोकांना चालवायचंय! पण तुला या खोलीत टाकून मी कशी जाऊ?”

“चालत जा,” थोरली रडता रडता म्हणाली. “नाहीतर शिकून उपयोग काय?”

फादरांनी जवळ येऊन धाकटीच्या कपाळावर खूण केली. “मठाचं दार कुठे पळून जात नाही, बाळ. उद्या खरी हाक ऐकू आली तर ये. आज जी ऐकू येतेय तिच्यामागे जा.”

बाबा मात्र खाली मान घालून बसून राहिले होते. 

धाकटी गेली. जाताना तिच्या बॅगेत ताईने ऑस्त्यांच्या कातरणाचा डबा ठेवला. लहानपणी साच्याशेजारी बसून ती तेच मुठीमुठीने खायची. गाडी सुटल्यावर थोरली घरी आली, तोंडावर पाणी मारलं आणि ॲप्रन बांधून कामाला लागली. थोड्या वेळाने बाबा दारात येऊन उभे राहिले.

“मी तुला तेव्हा ‘जा’ म्हटलं नव्हतं,” ते म्हणाले.

थोरलीच्या हातातली पळी थांबली.

“चांगलं आठवतंय मला. तू पाळणा हलवत होतीस, आणि मी भिंतीला टेकून मनात म्हणत होतो, ही राहिली तर बरं होईल... तू राहिलीस. मग मी जन्मभर तुझं कौतुक करत सुटलो, म्हणजे तुला काही विचारायला नको! आणि त्या दिवशी हॉलमध्ये तू सगळ्यांदेखत मलाच मोठं केलंस, पोरी...”

“जाऊ द्या बाबा. खोटं बोलले ते कन्फेशनमध्ये सांगितलं मी.”

“काय म्हणाले फादर?”

“म्हणाले, प्रायश्चित्त म्हणून एक दिवस सुट्टी घे.”

“घेतलीस?”

“आणि ऑस्त्या कोण करणार?”

बाबा पुढे आले. त्यांनी तिच्या हातातली पळी काढून घेतली, आणि इतक्या वर्षांत त्या खोलीत तिला कुणीही न विचारलेला प्रश्न विचारला.

“कुठलं काम करताना तुला भूक लागल्याचं कळत नाही गं?”

 तिच्या डोळ्यांतून इतक्या वर्षांचं साचलेलं पाणी घळाघळा वाहू लागलं.

“नकाशांचं वेड केव्हाच विरून गेलं, बाबा. पण शनिवारी... ही पोरं येऊन बसतात ना इथे, आपापलं मन उलगडतात... तेव्हा दुपार कधी झाली तेही मला कळत नाही.”

“मग ते रीतसर शिक. तुला शाळेत शिकवणाऱ्या बाई सांगत होत्या, मुलांना वाट दाखवायचं शिक्षण मिळतं म्हणून. कॉलेज पलीकडच्या रस्त्यावरच आहे.”

“या वयात?”

“मग मी या वयात साचा धरतोय तो कसा?”

त्यांनी पीठ ओतलं, जरा जास्तच ओतलं. साच्याच्या कडांमधून ते फसफसून बाहेर आलं, वास सुटला, आणि उघडून बघतात तर पापुद्रा काळाकुट्ट! सवयीने थोरलीचा हात पुढे झाला. बाबांनी तो हलकेच बाजूला केला.

“जा,” ते म्हणाले.

तिने त्यांच्याकडे पाहिलं. मग ॲप्रनची गाठ सोडली, तो खिळ्याला अडकवला आणि ती कॉलेजात चौकशी करायला निघाली.