परत नेलेली पेटी

मालधक्क्यावरून पेटी उचलायची, दिलेल्या पत्त्यावर पोचवायची, सही घ्यायची आणि गाडी धुऊन जागेवर लावायची, एवढंच अण्णांचं काम. त्या दिवशीही ते तेवढ्यासाठीच निघाले होते. दुपारचे तीन वाजले होते, ऊन रखरखीत होतं आणि पत्ता चढावरच्या गल्लीतला होता.

लढाईला चौथं वर्ष लागलं होतं. ती कशासाठी चालली आहे हे सांगणारेही आताशा सांगताना अडखळत. पहिल्या वर्षी मेलेल्या शिपायाची पेटी आली की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी राहायची, फुलं टाकायची. दुसऱ्या वर्षी त्याच माणसांनी गाडी अडवून सरकारला शिव्या घातल्या. एकदा तर अण्णांच्या काचेवर दगड आला. मग वरून हुकूम सुटला, गाडीवर कसली खूण नको आणि मोठ्या रस्त्याने जायचं नाही. तेव्हापासून ही पांढरी गाडी, पाव पोचवणाऱ्याची असते तशी. पण लोक काय दूधखुळे होते? गाडी वळताना दिसली की खिडक्या धाडधाड बंद व्हायच्या, जणू एखादी उघडी राहिली तर पेटी आपल्याच दारात उतरेल.

शेजारी कारकून बसलेला असायचा. हाताला लागेल त्या कागदावर शिक्का उमटवायची त्याला इतकी सवय की सगळे त्याला 'शिक्का'च म्हणत. माणूस वाईट नव्हता. नियम तोंडपाठ म्हणत राहिलं की दुसरं काही ऐकू येत नाही, हे त्याने शोधून काढलं होतं, इतकंच.

चढावरच्या गल्लीत मात्र खिडक्या बंद झाल्या नाहीत. सगळ्या उघड्या होत्या आणि प्रत्येकीत कुणी ना कुणी उभं होतं. शिव्या नाहीत, रडणं नाही. सलूनवाल्याने गाडी बघून बातम्या चालू असलेला रेडिओ बंद केला. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने दारातल्या वर्तमानपत्रांवर पोतं टाकलं. एवढ्या माणसांची गल्ली, आणि आवाज म्हणून काय तो गाडीच्या इंजिनाचा. अण्णांनी तोही बंद केला.

दार त्या शिपायाच्या वडिलांनी उघडलं. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस; डोळ्याला लावायचं भिंग कपाळावर सरकवलेलं. त्यांनी गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही. शिक्क्याने नाव वाचलं, नंबर वाचला, वडिलांचं नाव वाचलं.

"नाव बरोबर आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "पण ही पेटी आमची नाही. मुलगा परवाच घरी आलाय."

शिक्क्याने घाम पुसला. पेटी नाकारणारं हे काही पहिलंच घर नव्हतं. तुम्ही नेलात, आता तुम्हीच सांभाळा, असं म्हणून दोन-तीन घरांनी रागाने दार लावून घेतलं होतं. हेही तसंच असणार, असं अण्णांना वाटलं, आणि खरं सांगायचं तर मनातून बरंही वाटलं. घसा कोरडा पडला होता म्हणून त्यांनी पाणी मागितलं. वडील क्षणभर घुटमळले, मग बाजूला झाले.

स्वयंपाकघरात टेबलापाशी एक तरुण पाठमोरा बसून जेवत होता. धुतलेला निळा शर्ट, बारीक कापलेले केस, मानेवर कॉलरच्या वर उन्हाने रापलेली रेघ. तो भरभर जेवत होता. चमचा ताटलीवर वाजत होता. इतक्या रखरखीत दुपारी त्या खोलीत ओल्या मातीचा वास कोंदला होता, नुकत्याच खणलेल्या जमिनीला येतो तसा.

आईने पेला भरून आणला. देताना ती इतकी जवळ आली की आधी फक्त तिचा श्वास ऐकू आला.

"हळू बोला... त्याला अजून सांगितलं नाही."

पेल्यातलं पाणी अण्णांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे, ती पुटपुटली. पोरं-बाळंसुद्धा जपून बोलतात. आता तुम्हीही तेवढं जपा.

आणि तेवढ्यात बाहेर शिक्क्याने सुरुवात केली. घरच्यांनी पेटी नाकारली तर चार लोकांच्या देखत मृत्यूची नोंद मोठ्याने वाचून दाखवायची, असा नियम होता. त्याने नाव वाचलं, हुद्दा वाचला...

चमचा थांबला.

"कोण आलंय, आई?"

"पत्ता चुकलाय त्यांचा," आई म्हणाली. "तू जेव."

अण्णा बाहेर कसे आले ते त्यांना आठवत नाही. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुणावर हात टाकला नव्हता. त्या दिवशी त्यांनी शिक्क्याच्या तोंडावर तळहात दाबून धरला. शिक्का आधी उसळला, मग अण्णांचा चेहरा बघून जागच्या जागी मऊ पडला. गल्लीतले चौघे न सांगता पुढे आले. अर्धवट बाहेर ओढलेली पेटी त्यांनी झोपलेलं मूल सरकवावं तशी आत सरकवली. कागदावर शिक्क्याने 'घर बंद होतं' असं लिहिलं आणि परतीच्या वाटेवर एकही नियम म्हटला नाही.

घरी अण्णांनी अवाक्षर काढलं नाही. बायकोला घाबरवायचं नव्हतं, आणि धाकट्या लेकीशी या विषयावर बोलायची सोय नव्हती. धाकटी कॉलेजात होती, लढाईविरुद्धच्या मोर्च्यांत पुढे असायची. मोर्चे काढले म्हणून गेलेले परत येतात का, असं अण्णा म्हणायचे. ते गेलेत हे तुमची पांढरी गाडी लपवते, म्हणून मोर्चे काढावे लागतात, असं ती म्हणायची. मग दोघंही ताटाकडे बघत जेवायचे.

पाचव्या दिवशी ती संध्याकाळी घरी आली. सरळ अण्णांच्या शेजारी येऊन बसली. मोर्चा चढावरच्या गल्लीतून नेला होता, तिने सांगितलं. प्रत्येकाच्या हातात मेलेल्या एकेका शिपायाचा मोठा फोटो. गल्लीतली माणसं आडवी उभी राहिली, हात जोडून म्हणाली, इथून नका जाऊ, दुसऱ्या रस्त्याने जा. मोर्चेवाल्यांना वाटलं, घाबरट लोक आहेत, नाहीतर सरकारची माणसं. ते त्यांना बाजूला सारून गेले.

"तळमजल्याच्या खिडकीत एक मुलगा उभा होता," धाकटी म्हणाली. "निळा शर्ट. माझ्या हातातला फोटो बघत होता. त्याने विचारलं, हा कुठे मिळाला? म्हटलं, यादीतून. तो म्हणाला... कसली यादी?"

"मग?"

"मग मी सांगितलं, अण्णा. चेहरा तसाच होता, मला वाटलं भाऊ असेल, घरच्यांनी लपवलं असेल त्याच्यापासून. तारीखसुद्धा सांगितली." ती नखाने सतरंजीचा दोरा ओढत राहिली. "तो म्हणाला, बरं झालं कुणीतरी सांगितलं. कितीही जेवलो तरी भूकच भागत नव्हती..."

अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. खरं तेच सांगितलंस, त्यात तुझं काय चुकलं, एवढंच म्हणाले. बाकीचं त्यांनी गिळलं. ते सांगून पोरीला जन्माची टोचणी लावायची नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडील पहिल्या बसने येऊन मालधक्क्याच्या फाटकाशी उभे होते. पेटी न्यायला आलोय, म्हणाले. शिक्क्याने कागदावर मुकाट्याने शिक्का मारला, आणि डोकं दुखतंय, मी येत नाही, असं सांगून आत निघून गेला.

वडील पुढेच बसले. एवढी लांब सीट, पण ते दाराला चिकटून, अंग चोरून बसले. आरामात बसा, अण्णा म्हणाले. "ठीक आहे असंच," वडील म्हणाले. अण्णांनी सबंध रस्ताभर गिअर बदलताना कोपर अंगाशी धरून ठेवलं होतं. का, ते त्यांना सांगता आलं नसतं.

चढाच्या पायथ्यापासूनच रडणं ऐकू येत होतं. आठवडाभर दाबून ठेवलेलं सगळं गल्लीने मोकळं सोडलं होतं. गाडी घरासमोर थांबली आणि ते एकदम थांबलं.

वडील उतरले. पण त्यांनी दार लावलं नाही. दाराची मूठ धरून, आत बघत उभे राहिले.

"सावकाश..." ते म्हणाले.

अण्णा स्टिअरिंगवरून नजर हलवत नव्हते. सीट एकदा कुरकुरली. पेटी मागे तशीच होती, तिला अजून कुणी हातही लावला नव्हता, आणि गल्लीतलं कुणी तिच्याकडे बघतही नव्हतं. खिडक्या-खिडक्यांतले सगळे डोळे गाडीच्या त्या उघड्या दारावर होते. मग ते डोळे हलले. सगळे मिळून, हळूहळू, चालत्या माणसाच्या मागे नजर जावी तसे, पावलापावलाने घराच्या पायरीपर्यंत गेले आणि तिथे थांबले.

दार कुणी वाजवलं नव्हतं. आईने ते आतून उघडलं आणि ती बाजूला झाली, एका माणसाला आत जाता येईल एवढीच.