शालनताईंचा हिरवा दिवा

दिवा लावल्याशिवाय आताशा कुणी कुणाशी पैशाचं बोलत नव्हतं. भाजीवाली असो की बँकेतला साहेब, फोनच्या कोपऱ्यातला तो दाण्याएवढा ठिपका पेटवायचा, समोरच्याला म्हणायचं, "हं, आता बोला," आणि रंग बघायचा. हिरवा पडला की व्यवहार, लाल पडला की रामराम. मिरजेच्या शालन आवटी तर येता-जाता म्हणायच्या, "बरं झालं बाई हा दिवा आला. माणसं ओळखता ओळखता जीव नुसता मेटाकुटीला आला होता."

आला होता खराच. घरबसल्या कमाई, मोबाइलवर नोकरी, चार तासांत पगार. या नावांखाली एके काळी गल्लीतल्या दर दुसऱ्या घराला कुणी ना कुणी टोपी घातली होती. खरं काम कुठलं आणि फसवणूक कुठली, हे ओळखायचं कसं, यावर पोलिसांनी पत्रकं वाटली, शाळांत व्याख्यानं झाली. फसणारे फसतच राहिले. मग हा दिवा आला, सत्यदीप.

त्याचं शास्त्र तसं सोपं. माणसाला माहीत असतं एक आणि तो बोलतो दुसरंच, तेव्हा मेंदूला दोन कामं एकदम करावी लागतात: आतलं दाबायचं आणि वरचं उच्चारायचं. या ओढाताणीत गळ्याचे स्नायू किंचित थरथरतात. कानाला ते कळत नाही, यंत्राला कळतं. शास्त्रज्ञांनी या थरथरीला 'दुमन-कंप' म्हटलं, म्हणजे दोन मनांचा कंप. कंप सापडला की दिवा लाल. बनावट आवाज तर तो पहिल्याच शब्दाला ओळखायचा.

झालं! लोकांनी बाकीचं सगळं बघणं सोडून दिलं. कंपनीचं ऑफिस कुठं आहे, काम देणारा उलट आपल्याकडेच पैसे का मागतो, असले प्रश्न विचारणाऱ्याकडे लोक जुन्या काळातला म्हणून बघू लागले.

शालनताईंनी जन्मभर बालवाडी चालवली होती. निवृत्तीनंतर त्यांना एका कंपनीचं काम मिळालं. मराठी वाक्यं स्वच्छ वाचायची आणि पाठवायची; यंत्रांना आपली बोली शिकवायला ती लागत. पगार महिन्याच्या महिन्याला यायचा. पुढे कंपनीनं त्यांना 'मार्गदर्शिका' केलं. नव्या बायकांनी दिवा लावून फोन करायचा आणि ताईंनी आपला अनुभव सांगायचा. काम खरं आहे, पगार वेळेवर येतो. त्यात खोटं काय होतं? ताईंचा दिवा कायम हिरवागार. मग त्या बायका रेकॉर्डिंगच्या संचासाठी अनामत भरायच्या.

एका दुपारी डॉक्टर रेवती घारपुरे त्यांच्या दारात उभ्या राहिल्या. सत्यदीप बनवणाऱ्यांपैकी एक. डोळ्यांखाली काळं, खांद्याला जड पिशवी. पाणी प्यायल्या आणि आडवळण न घेता म्हणाल्या, "शालनताई, तुमच्याशी बोलून ज्यांनी अनामत भरली, त्यांच्यातल्या कुणालाही काम मिळालेलं नाही. संचही नाही. माझ्याकडे तक्रारींचा ढीग पडलाय."

"काहीतरीच काय बोलताय मॅडम! मला पगार येतोय की."

"येणारच. तुमचं काम खरंच आहे. दिव्यापुढे खोटं बोलता येत नाही म्हटल्यावर ठकांनी खोटं बोलणंच बंद केलं. ते आता बोलतच नाहीत. मनापासून विश्वास असलेली माणसं शोधतात, त्यांना चोख पगार देतात आणि बोलायला बसवतात. बालवाडीच्या बाई, नर्सबाई, पोस्टातले काका. तुमचा विश्वास हाच त्यांचा कच्चा माल आहे."

"मग एकीनं तरी मला फोन करून शिव्या घातल्या नसत्या का?"

"अनामत भरली की तुमचा नंबर त्यांना लागतच नाही."

"पोलीस काय करतायत?"

"पोलीस म्हणतात, खोटं कोण बोललं ते दाखवा. दाखवू कुणाला?" डॉक्टरांनी स्वतःचा फोन पुढे सरकवला. "बोला बघू, 'हे काम खरं आहे'."

शालनताई बोलल्या. दिवा लाल झाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी स्वतःच्या आवाजाला तो रंग बघितला.

"मनात नुसती शंका आली तरी कंप येतो. आता तुम्ही त्यांच्या उपयोगाच्या राहिला नाहीत," डॉक्टर थकल्या आवाजात म्हणाल्या. "एका मार्गदर्शिकेला सांगून संपत नाही तोवर दुसऱ्या उभ्या राहतात. तरी सांगत फिरते."

ताई एकदम उठल्या. "अगं आई गं! आज आमची भिशी आहे!"

शेजारच्या इंदू कोरेंकडे गल्लीतल्या बायकांची भिशी चालायची. या खेपेला नंबर शालनताईंचाच लागला होता, पण त्यांनीच सगळ्यांना पटवलं होतं की ही रक्कम सगळ्यांच्या अनामतीत घालू, सगळ्याच कमावत्या होऊ. इंदूच्या लेकीची नर्सिंगची फी, कुणाचं घरभाडं, सगळं त्यातच होतं. दोघी धावतपळत पोचल्या तेव्हा इंदू फोन हातात घेऊन पैसे पाठवायच्या तयारीत होती.

"इंदू, थांब! पाठवू नकोस. ती कंपनी फसवी आहे."

या भिशीचा एक नियम होता: पैशाचं जे बोलायचं ते दिव्यापुढे. तो नियमही शालनताईंनीच घालून दिलेला. इंदूनं दिवा लावून फोन त्यांच्यापुढे धरला. "हं, आता बोल."

ताईंनी तोंड उघडलं. पण आत काय काय चाललं होतं! माझा पगार तर येतोय, मग ही परकी बाई सांगते तेच खरं कशावरून? आणि खरं असलं तर मी आजवर किती जणींना बुडवलं? तसं नसलं तर किती बरं होईल! "कंपनी... फसवी आहे," त्या म्हणाल्या.

लाल.

"नंबर तिचा होता ना," मागून कुणीतरी कुजबुजलं. "आता जीव अडकला असेल पैशात."

ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी डॉक्टरांचा हात धरला. "मॅडम, तुम्ही सांगा. तुम्हीच बनवलाय ना हा दिवा?"

डॉक्टर हसल्या, पण त्यात आनंद नव्हता. "माझा हिरवा पडत नाही हो. मला वाटतं, ही कंपनी फसवी आहे. पण मी चुकत असेन का, हे मी प्रत्येक वाक्याला स्वतःला विचारते. सवयच आहे ती धंद्याची." त्या बोलत होत्या तोवर दिवा लालच होता. "दिवा सोडा. एवढंच विचारा, काम देणारे तुमच्याकडूनच पैसे का मागतात?"

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. दोन लाल दिव्यांच्या बायकांचं कोण ऐकणार?

इंदूनं फोन स्वतःकडे वळवला. "बायांनो, मी सांगते. शालूनं मला सगळं नीट समजावलंय. काम खरं आहे, माझी पक्की खात्री आहे."

दिवा हिरवा झाला. स्वच्छ, न थरथरणारा हिरवा. सगळ्यांचे चेहरे खुलले आणि पैसे गेले.

शालनताई बाहेर पायरीवर बसल्या. रडूही येईना, इतका शीण आला होता. शेजारी डॉक्टर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या.

थोड्या वेळानं इंदू पोह्यांची बशी घेऊन बाहेर आली. मघाचं सगळं विसरली होती बिचारी, चेहरा नुसता उजळलेला. "शालू, कंपनीचा मेसेज आला गं! पैशांबरोबर मघाचं माझं दिव्यापुढचं बोलणं पाठवलं होतं ना, तो आवाज आवडला म्हणे त्यांना. उद्यापासून मलाही मार्गदर्शिका करतायत, पगारी. मी कळवलं त्यांना, हे सगळं आमच्या शालूमुळं."