आत्याचा हात

कोरायची पेटी मी पहिल्यांदा पाहिली ती दरीच्या मधोमध, तारेवर लोंबकळताना.

काळ्या समुद्राकाठच्या चाएलीच्या वरच्या उतारांवरून आम्ही चहाची पोती तारेनेच खाली सोडतो. कोरायने तिच्यावर कॅमेऱ्याची पेटी टांगली होती आणि चाक अडकलं होतं. पाऊस भुरभुरत होता – आमच्याकडे तो थांबतो कधी – आणि चष्म्यावर थेंब घेऊन हा उंच मुलगा दोन्ही हातांनी तार हलवत होता.

"अशीच हलवत राहिलात तर पेटी समुद्रावर जाईल," मी म्हणाले.

"मग काय करू?"

"बाजूला व्हा."

मी मागचा दोर दोनदा ओढला, सैल सोडला, पुन्हा ओढला. पेटी मुकाट परत आली.

"इस्तंबूलला दोर ओढायला शिकवत नाहीत वाटतं?"

"शिकवतात. पण शिकवणारे असे... रुमालात चहाचं पान खोचून येत नाहीत."

मी डोक्यावरचा रुमाल चाचपला. पान खरंच होतं. ते मी काढलं नाही.

तो फिल्मचे तुकडे जोडायचं काम करायचा. घराबाहेर पडू बघणाऱ्या चार मुलींची गोष्ट होती, आणि चित्रीकरणाची माणसं महिनाभर आमच्या गावात राहणार होती. रोज काहीतरी निमित्ताने तो तारेपाशी यायचा. एकदा चहा खुडायची कात्री मागायला आला, एकदा नुसता वेळ विचारायला, मनगटावर घड्याळ असताना.

"नेफिसे, तुला घरातून सोडतात?" एकदा त्याने विचारलं. त्याचे डोळे असे माझ्यावर ठरले होते, की ते हलू नयेत म्हणून मी काहीही बोलले असते.

"सोडतात कसले? आत्या बाहेरून कडी लावते."

आमच्या दाराला बाहेरून कडी होती, पण ती वासरू आत शिरू नये म्हणून. मला आई नाही; मी आत्याकडेच वाढले. माझी शाळा पुढे चालू राहावी म्हणून माझ्या वडिलांच्या उंबऱ्यावर तीन दिवस बसून राहिली होती, ती हीच मुकद्देस आत्या. पण कोरायचा चेहरा उतरला, त्याने माझ्या हातातली कात्री अलगद काढून घेतली, आणि मी... मी ते खोटं तसंच राहू दिलं.

आत्या गावातल्या बायकांना पैगंबरांच्या जन्माचं आख्यान गाऊन सांगते. तिचा आवाज चढला की माझ्या अंगावर अजून काटा येतो. जन्माचा प्रसंग आला की सगळ्या जणी उठतात आणि जी ती पुढचीच्या पाठीवरून हात फिरवते, पंख फिरावा तसा. पुढे कोण आहे हे बघायचं नसतं. भांडण असलं तरी हात फिरवायचा.

कोरायला हे फिल्ममध्ये हवं होतं, पण बायकांच्या बैठकीत पुरुष कसा येणार? त्याने कॅमेरा माझ्याकडे दिला. आत्या म्हणाली, "तोंड नको घेऊस माझं. हात घे हवं तर. हातांनी काय पाप केलंय?" मी तिचा हात टिपला. अंगठ्यावर कात्रीचा जुना आडवा व्रण, आणि तो हात एका मुलीच्या पाठीवर.

शरद ऋतूत तो वाटेतल्या गावांत फिल्म दाखवत परत आला. दुसऱ्या दिवशी चहा कारखान्याच्या हॉलमध्ये ती सगळ्या गावाला दाखवायची होती. आत्याने त्यासाठी नवा रुमाल काढून ठेवला होता.

"तुला आधी दाखवतो," तो गाडीत मला म्हणाला. अगदी जवळ बसला होता. त्याच्या कोटाला ओल्या लोकरीचा वास होता.

त्याच्या मांडीवरच्या छोट्या पडद्यावर एक मुलगी दाराशी उभी होती. तिच्या पाठीवर हात आला. व्रणाचा अंगठा. हाताने तिला जणू आत ढकललं, दार मिटलं, कडी पडली. खाली कसलीतरी गडद घरघर.

माझे कान तापले.

"कोराय, हे मी खोटं सांगितलं होतं. कडीचं."

त्याने चित्र थांबवलं. मग हळूच म्हणाला, "पण अशा मुली आहेत."

"आहेत. मग त्यांच्या दाराची कडी दाखव. माझ्या आत्याचा हात कशाला?"

"मला राग आला होता. तुझ्यासाठी." त्याने चष्मा काढला. "ज्या हाताने तुला कोंडलं, तो सगळ्यांना दिसावा असं वाटलं. मला लाज वाटते, नेफिसे."

"मला जास्त वाटते."

घरी आत्या मक्याच्या पिठात चीज घोटत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. कोराय दाराबाहेर, पावसात, तो छोटा पडदा कोटाखाली धरून.

"भिजू नकोस, बाबा, आत ये," आत्या त्याला म्हणाली. माझ्याकडे मात्र तिने बघितलं नाही. "दाखव."

तिने हात पुसून पाहिलं. पुन्हा लावायला सांगितलं.

"हात माझाच आहे," ती म्हणाली. "गाणं कुठे गेलं?"

कोरायची मान खाली गेली. "काढून टाकलं."

"हात ठेवलात आणि गाणं काढलंत." भांड्यात चीज करपायला लागलं होतं. ती उठली नाही. "माझ्या लग्नाआधी अठरा दिवस मला कडी लागली होती, पोरी. बाहेरून. तू ती गंमत म्हणून अंगावर घेतलीस होय?"

मी तिच्या पायाशी बसले. एवढी वर्षं एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं.

"आत्या, माफ कर."

"रड नंतर. आणि तू रे, कडी ठेव तुझ्या फिल्ममध्ये. खरी असते ती. पण हात तिथून काढ, जिथला आहे तिथे लाव. गाण्यासकट. आणि ज्या गावांत हे आधी दाखवलंस तिथेही कळव."

"कळवतो," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फिल्म पुन्हा जोडत तो गाडीतून हलला नाही. मी नेलेला चहा तीनदा गार झाला.

हॉलमध्ये पुरुष पुढे, बायका मागे. कोराय यंत्रापाशी, पुरुषांच्या शेवटच्या रांगेत. त्याच्या बरोबर मागे मी, माझ्या मागे आत्या. कडी पडली तेव्हा मागच्या अंधारात कुणीतरी हुंदका दिला. मग मुलगी खिडकीतून पळाली, आणि एका अनोळखी घरात बायका बसलेल्या होत्या, आणि जन्माच्या प्रसंगावर आत्याचा आवाज चढला.

आमच्या बायकांना सवयच. एक उठली, दुसरी उठली, सगळ्या उठल्या. पुढचे पुरुष वळून बघायला लागले. कोरायही गोंधळून उभा राहिला, पाठमोरा.

पुढे कोण आहे हे बघायचं नसतं.

मी बघितलं. मग हात उचलला आणि त्याच्या पाठीवरून फिरवला, सगळ्या गावासमोर. तो वळला नाही, नुसता मागे हात करून त्याने माझी बोटं क्षणभर धरली.

मी भीत भीत मागे आत्याकडे पाहिलं. ती पडद्याकडे बघत स्वतःच्याच गाण्यात सूर मिसळत होती, आणि तिचा व्रणाचा अंगठा माझ्या पाठीवर होता.